बिडीचे मर्म पानात

सिगारच्या शौकिनांना तिच्या बाहेरच्या पानाचे फार कौतुक असते. तंबाखूचेच पान जास्त दिवस आंबवून, मुरवून काळपट केले की मधल्या जोराच्या सिगारलाही गोडसर, भाजक्या कोकोसारखी चव येते. आपल्याकडची धूम्रपानाची विद्या मात्र वेगळ्या वाटेने गेली. जबलपूरच्या बिडीवरचे पान तंबाखूचे नाही, तेंदूचे, म्हणजे आपल्या टेंभुर्णीचे.

पूर्वी गुजरातेत आणि मुंबईकडे आपट्याच्या पानातही बिडी वळत. १८९९ च्या दुष्काळात गुजरातेतली कित्येक कुटुंबे रोजगारासाठी मध्य प्रांतात आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबलपुरात मोहनलाल हरगोविंददास या पेढीने तेंदूच्या पानावर बिडीचा मोठा धंदा उभा केला. भोवती सातपुड्याचे जंगल, दाराशी रेल्वे. पुढे हाच धंदा गोंदिया-भंडारा भागातही फोफावला.

तेंदूच का? ते पान पातळ असून चिवट असते, ओले करून वळले तरी चिरत नाही, सावकाश जळते आणि आपला वास तंबाखूवर लादत नाही. झुडपे उन्हाळ्याच्या तोंडाशी छाटली की कोवळी, मोठी पाने फुटतात. मे महिन्यात भल्या पहाटे आदिवासी कुटुंबे ती तोडतात, पुडे बांधतात आणि फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागी, उन्हात वाळत घालतात. मध्य प्रदेशात एका पुड्यात ५० पाने आणि असे १,००० पुडे म्हणजे एक मानक बोरा. १९६४ पासून तिथे या पानाचा व्यापार सरकारच्या ताब्यात आहे.

सिगारमध्ये आतला तंबाखू, त्याला आवळणारे पान आणि वरचे पान असे तीन थर असतात. बिडीत मधले पान नाही. ओलसर पान पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचे, चिमूटभर जर्दा पसरायचा, निमुळती गुंडाळी करायची, टोक दुमडायचे, सूत बांधायचे. जर्दा गुजरातचा किंवा निपाणीचा. त्याच्या मिश्रणावर बिडी कडक की मध्यम हे ठरते. जुड्या बांधून भट्टीत शेकल्या की ओल जाते आणि भाजका वास बसतो. दिवसाला हजाराच्या आसपास बिड्या वळणारी बाई यंत्रालाही लाजवेल, पण तिला मजुरी मिळते ती हजारावर, आणि तंबाखूची धूळ दिवसभर तिच्या नाकातोंडात जाते. हाताळताना निकोटीन कातडीतूनही शरीरात शिरते. एवढ्या कसबी हातांना इतके थोडे मोल मिळावे, हे मला अन्यायाचे वाटते.

जे तेंदूचे पान वळायला सोयीचे, तेच ओढणाऱ्याला घातक ठरते. सिगारेटच्या कागदातून हवा आत येते, या पानातून जवळजवळ येत नाही. त्यामुळे बिडी सारखी विझते, जोरात आणि वरचेवर ओढावी लागते. तंबाखू सिगारेटच्या निम्म्याहूनही कमी, पण धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर सिगारेटच्या तोडीचे, पुष्कळदा अधिकच. झाडपाल्याची म्हणून बिडी सौम्य, असे घरात कुणी म्हणत असेल, तर त्याला हे जरूर सांगा.