पंधराशे रुपयांचे मोल

सातपुड्यातील मोलगीसारख्या गावी एकाकी मातेला दरमहा पंधराशे रुपये मिळून काय साधते? 1980 मध्ये सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा व परित्यक्तांना 2023 पासून एवढेच अनुदान आहे. 2024 च्या लाडकी बहीण योजनेचा आकडाही हाच. म्हणजे दिवसाला 50 रुपये! त्यात संसार चालत नाही, हे उघड आहे. परंतु रकमेपेक्षा तिची नियमितता मोलाची. ठरलेला पैसा हाती येणार असेल, तर पावसाळ्यातील टंचाईत मुकादमाची उचल घेऊन पुढचे श्रम आगाऊ विकण्याची, मुलांसह गुजरातेत मजुरीला जाण्याची सक्ती सैल होते. हप्ता लांबला, की उचलीवाचून गत्यंतर नाही. तेव्हा आकड्याइतकीच तारीखही शासनाने पाळली पाहिजे.