लाल बटण दाबले, पण ठिकाण कळले का?

भर समुद्रात नौकेत पाणी शिरू लागले, की तांडेलाचा हात व्हीएचएफ रेडिओकडे जातो. डीएससी सुविधा असलेल्या संचाचे लाल बटण दाबून धरताच ७० क्रमांकाच्या चॅनेलवरून संकटसंदेश जातो. संचात नोंदवलेला नौकेचा नऊ अंकी ओळख क्रमांकही त्यासोबत पोहोचतो. नौकेचे अक्षांश-रेखांश मात्र जातीलच असे नाही. ते हाताने भरता येतात; पण बुडत्या नौकेवर तेवढी उसंत कुठली?

रेडिओत अंगभूत जीपीएस नसेल, तर ही माहिती नौकेवरील जीपीएस यंत्राकडून तारेने घ्यावी लागते. 'एनएमईए ०१८३' या प्रचलित पद्धतीत एक यंत्र बोलते, दुसरे ऐकते. म्हणून जीपीएसची 'आऊट' तार रेडिओच्या 'इन' तारेलाच जोडावी लागते. दोन्हींचा वेगही जुळायला हवा; तो सहसा सेकंदाला ४८०० बिट असतो. तारांचे रंग कंपनीगणिक बदलत असल्याने माहितीपुस्तिका पाहणे आवश्यक ठरते. खाऱ्या हवेत उघडे तांबे लवकर खराब होते. त्यामुळे कलई केलेल्या तारा आणि जलरोधक सांधे वापरणे हिताचे.

जोडणी साधली, की रेडिओच्या पडद्यावर अक्षांश-रेखांश उमटतात. बंदर सोडण्यापूर्वी ते पाहावेत. चाचणीसाठी लाल बटण मात्र कधीही दाबू नये.