खालची पायरी

बसची पहिली पायरी किती उंच असणार, हे तिचा एक्सल ठरवतो. डेपोत फिटर म्हणून गाड्यांच्या पोटाखाली आयुष्य काढलं, त्यामुळे हे ठामपणे सांगतो.

पूर्वीची साधी बस म्हणजे ट्रकच्या चॅसीवर चढवलेली बॉडी. इंजिन पुढे, प्रॉपेलर शाफ्ट पार मागच्या एक्सलपर्यंत, खाली पाटे आणि या सगळ्याच्या वर फरशी. ती जमिनीपासून मीटरभर उंच जायचीच. नऊवारीतली एखादी आजी पिशवी आधी आत सरकवायची, दोन्ही हातांनी दांडा धरायची, मग गुडघा उचलायची. मागची रांग खोळंबायची, कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून थांबायचा.

डबलडेकरमध्ये हा प्रश्न आणखी अवघड होतो. आपल्याकडे नियमाने तिची उंची 4.75 मीटरच्या आत हवी. तेवढ्यात माणसं ताठ चालू शकतील असे दोन मजले बसवायचे, तर खालची फरशी खालीच आणावी लागते. ब्रिटनमध्ये तर सखल पुलांखालून जाण्यासाठी काही गाड्या आणखी बुटक्या लागत. त्यांत वरच्या मजल्यावरची चालायची वाट एका कडेला खोलगट असे. लांब बाकावरच्या आतल्या माणसाला उतरायचं तर बाकीच्यांना उठावं लागे. 1949 साली तिथे ‘ब्रिस्टल लोडेका’चा नमुना तयार झाला. त्यात शाफ्ट बाजूला सरकवला, मागच्या एक्सलचा मधला भाग खाली घेतला आणि वरची वाट मधोमध आली. मला ही करामत आजही थक्क करते.

आजच्या लो-फ्लोअर बसची फरशी साधारण 400 मिलिमीटरवर असते. इंजिन मागे, पाट्यांऐवजी एअर बलून. दाराकडच्या बलूनमधली हवा थोडी सोडली की गाडी त्या बाजूला झुकते. चाकांचे उंचवटे आत येतात, चार-दोन सीट जातात. जाऊ देत.

मुंबईत 1937 पासून डबलडेकर आहे. जुन्या डिझेल गाड्या सप्टेंबर 2023 मध्ये थांबल्या. नव्या विजेवरच्या गाड्यांना दोन दारं, दोन जिने आहेत. फूटपाथ 150 मिलिमीटरचा असेल, तर 400 मधले उरतात 250. पण स्टॉपपुढे रिक्षा उभी असली की ड्रायव्हर गाडी रस्त्यातच थांबवतो. मग चढणाऱ्याला डांबरावरून पूर्ण 400 चढावे लागतात आणि रॅम्प इतका उभा पडतो की व्हीलचेअर रेटवत नाही. बसच्या टेंडरमध्ये फरशीची उंची लिहितात, तशी स्टॉपच्या फूटपाथचीही लिहा आणि तिथे कुणाला गाडी लावू देऊ नका.