छोट्या कुत्र्यांची कोरडी त्वचा : कारणे, काळजी आणि उपचार



'माझा आवडता प्राणी' हा निबंध आपण सगळ्यांनी लिहिला आहे आणि आता मुलांकडून लिहून घेतो. त्यात कुत्रा इमानी असतो, घराची राखण करतो, शेपटी हलवतो हे सगळं येतं. पण त्याची काळजी कशी घ्यायची, हा परिच्छेद बहुतेक निबंधांत नसतोच. आता तर फ्लॅटमध्ये सोयीचे म्हणून पॉमेरेनियन, शिह त्झू, ल्हासा आप्सो, पग, डॅक्सहुंड असे लहान चणीचे कुत्रे घरोघरी दिसतात. ते मुलांच्या मांडीवर बसतात, त्यांच्या अंथरुणात झोपतात. अशा कुत्र्याला खाज सुटली, अंगातून पांढरा कोंडा पडू लागला, की घरात पहिलं वाक्य ऐकू येतं, "घाण झालाय, अंघोळ घाला." आणि अनेकदा त्रास वाढतो तो इथूनच.

म्हणून आजच्या लेखात छोट्या कुत्र्यांची त्वचा कोरडी का पडते, ती पडू नये म्हणून काय करायचं, पडलीच तर घरी काय करायचं आणि दवाखान्यात कधी जायचं, हे क्रमाने पाहू.

कुत्र्याची त्वचा आपल्यासारखी नसते

अंगभर केस असल्यामुळे कुत्र्याची कातडी जाड असेल असं वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. माणसाच्या बाह्यत्वचेत पेशींचे साधारण १० ते १५ थर असतात, कुत्र्याच्या अंगावर बहुतेक ठिकाणी ३ ते ५ च असतात. केसांचं आवरण आहे म्हणून आतली कातडी नाजूक असली तरी चालून जातं. त्वचेतल्या तैलग्रंथी एक तेलकट पदार्थ स्रवतात. तो कातडीवर आणि केसांवर पातळ पसरतो आणि आतलं पाणी उडून जाऊ देत नाही. हा थर गेला की त्वचा कोरडी पडते, तिचे पापुद्रे सुटतात आणि खाज येते.

दुसरा फरक सामूचा. माणसाच्या त्वचेचा सामू साधारण ५.५, म्हणजे किंचित आम्ल असतो. कुत्र्याच्या त्वचेचा सामू ७ च्या जवळपास, म्हणजे जवळजवळ उदासीन असतो. त्यामुळे आपला साबण आणि आपला शाम्पू कितीही 'सौम्य' असला तरी तो त्याच्यासाठी बनवलेला नसतो.

तिसरी गोष्ट, बाह्यत्वचेच्या पेशी तळापासून वर येऊन गळून पडायला कुत्र्यात साधारण तीन आठवडे लागतात. म्हणून कोणताही उपाय दोन दिवसांत दिसत नाही. "काही फरक नाही" म्हणून दर चार दिवसांनी नवं तेल, नवी पावडर लावत बसलं तर त्वचेला सावरायला वेळच मिळत नाही.

'छोटा' असण्याने काय फरक पडतो?

हा भाग आपण गणिताच्या तासाला सहज घेऊ शकतो. १ सेमी बाजूच्या घनाचं पृष्ठफळ ६ चौ. सेमी आणि घनफळ १ घन सेमी. २ सेमी बाजूच्या घनाचं पृष्ठफळ २४ आणि घनफळ ८. म्हणजे लहान घनात प्रत्येक घन सेमीमागे पृष्ठभाग ६, मोठ्यात फक्त ३. कुत्र्यांचंही तसंच. ३ किलोच्या पॉमेरेनियनला दर किलो वजनामागे जी कातडी असते, ती ३० किलोच्या लॅब्राडॉरच्या दुपटीहून थोडी जास्त भरते.

याचे अर्थ तीन. अंघोळीनंतर ओला राहिला तर छोटा कुत्रा लवकर गारठतो. अंगाला लावलेलं औषध वजनाच्या मानाने जास्त प्रमाणात शरीरात जाऊ शकतं. आणि ते त्याने चाटलं, तर तेवढाच डोस इवल्याशा शरीराला फार मोठा ठरतो. मोठ्या कुत्र्याला चालून गेलेला उपाय छोट्याला चालेलच असं नाही, ते यामुळे.

त्वचा कोरडी का पडते?

१. वारंवार अंघोळ : आठवड्यातून दोनदा साबण लावला की तेलाचा थर धुतला जातो, खाज येते, कुत्रा खाजवतो, कोंडा पडतो. मग घरचे म्हणतात, "परत अंघोळ घाला." हे चक्र तोडणं हा पहिला उपचार.

२. हवा : विदर्भ, मराठवाडा आणि देशावर डिसेंबर ते फेब्रुवारी हवा थंड आणि कोरडी असते, तेव्हा हा त्रास वाढतो. एसीमुळेही खोलीतली हवा कोरडी होते. मुंबईत किंवा कोकणात मात्र पावसाळ्यात कोंडा दिसला, अंग तेलकट लागलं आणि कुबट वास आला, तर कोरडेपणापेक्षा बुरशीचा संशय आधी घ्यावा.

३. आहार : आपल्याकडे अनेक घरांत कुत्र्याला रोज दूध-पोळी किंवा दहीभात मिळतो. पोट भरतं, पण त्वचेला लागणारी प्रथिनं आणि स्निग्धाम्लं कमी पडतात. केस हे मुख्यतः प्रथिनांचेच बनलेले असतात. लिनोलेइक आम्ल कुत्र्याच्या शरीरात तयार होत नाही, ते अन्नातूनच मिळावं लागतं. शिवाय धान्यातल्या फायटेटमुळे जस्त नीट शोषलं जात नाही, आणि जस्त कमी पडलं की त्वचा खरबरीत होते.

४. पिसवा, गोचीड आणि सूक्ष्म किडे : यांची खाज वरवर कोरडेपणासारखीच दिसते.

५. आतले आजार : ॲलर्जी हे शिह त्झू, ल्हासा, पग यांच्यात नेहमी आढळणारं कारण. मध्यम वयाच्या किंवा म्हाताऱ्या कुत्र्याचं खाणं तेवढंच असून वजन वाढत असेल, तो सुस्त झाला असेल, दोन्ही कुशींवरचे केस विरळ होत असतील, तर थायरॉईडची तपासणी करावी लागते.

पांढऱ्या कागदाची तपासणी

घरी मुलांसोबत करता येईल अशी ही सोपी तपासणी. कुत्र्याला पांढऱ्या कागदावर उभं करा आणि बारीक फणीने पाठीवरून, शेपटीच्या मुळापर्यंत विंचरा. कागदावर काय पडलं ते पाहा.

- नुसते पांढरे, न हलणारे कण : कोरडेपणाचा कोंडा असण्याची शक्यता.
- काळे बारीक कण : ते ओल्या कापसावर ठेवा. भोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. तसंच राहिलं तर साधी माती.
- पांढरे कण पण हलणारे : हे चेलेटिएला नावाचे किडे. कोंडा चालतोय असं वाटतं. हे माणसालाही चावतात.

तपासणी झाली की कागद घडी करून पिशवीत बांधून टाका आणि सगळ्यांनी साबणाने हात धुवा.

रोजची काळजी

*विंचरणं* : लांब केसांच्या कुत्र्याला रोज, आखूड केसांच्या कुत्र्याला आठवड्यातून दोन-तीनदा. विंचरल्याने त्वचेचं स्वतःचं तेल केसांच्या टोकापर्यंत पसरतं. हे काम मुलांकडे मोठ्यांच्या देखरेखीखाली देता येतं.

*अंघोळ* : निरोगी छोट्या कुत्र्याला साधारण तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरते. पाणी कोमट हवं, आपण अंगावर घेतो तेवढं कडकडीत नको. आधी विंचरा, मग अंग पूर्ण भिजवा, कुत्र्यांसाठीचा शाम्पू पाण्यात पातळ करून लावा आणि फेस पूर्ण जाईपर्यंत धुवा. काखेत, पोटाखाली आणि पट्ट्याच्या जागी राहिलेला शाम्पूच पुढे खाज आणतो. टॉवेलने टिपून कोरडं करा, रगडू नका. ड्रायर वापरलाच तर गार हवेवर. फिरून आल्यावर फक्त पाय मळले असतील तर पायच पुसा.

*अंथरूण* : आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा. पिसवांची अंडी कुत्र्याच्या अंगावर कमी आणि अंथरुणात, फटींत जास्त असतात.

*गोचीड-पिसवांचं औषध* : कुत्र्याचं वजन करून, त्या वजनासाठीचंच घ्या. मोठ्या कुत्र्याची नळी अर्धी-अर्धी करून लावू नका. घरात मांजर असेल तर दुकानदाराला आधी सांगा. कुत्र्यांच्या काही औषधांतलं परमेथ्रिन मांजरासाठी विषारी असतं.

आहारात काय बदल करावा?

दूध-पोळीऐवजी रोजच्या जेवणात अंडं, चिकन, मासे किंवा संपूर्ण पोषण देणारं कुत्र्यांचं तयार अन्न हवं. बदल एकदम न करता आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. ओमेगा-३ साठी बांगडा किंवा तारली उकडून, काटे पूर्ण काढून, मीठ-मसाला न घालता थोडी देता येते. जवसातही ओमेगा-३ असतं, पण कुत्र्याचं शरीर त्याचा फार थोडा भाग उपयोगी रूपात बदलू शकतं. जवसाची चटणी तर मुळीच नको, कारण तिच्यात मीठ आणि लसूण असतो. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना अपाय करतात.

माशाच्या तेलाचा डोस डॉक्टरांनाच वजनावरून ठरवू द्या आणि परिणामासाठी निदान सहा ते आठ आठवडे थांबा. इथेही छोटं गणित आहे. एक चहाचा चमचा तेल म्हणजे साधारण ४० कॅलरी. ३ किलोच्या कुत्र्याची दिवसाची गरज २०० ते २५० कॅलरी. म्हणजे तो एक चमचा त्याच्या दिवसभराच्या जेवणाचा जवळजवळ पाचवा-सहावा भाग झाला. "थोडं तूप घातलं तर काय होतंय?" याचं उत्तर असं की छोट्या कुत्र्याला जुलाब होतात, वजन वाढतं आणि काहींना स्वादुपिंडाला सूज येते.

त्वचा कोरडी पडलीच तर

कुत्रा खेळतोय, खातोय, कातडी लाल नाही, कुठे केस गेलेले नाहीत, फक्त कोंडा आणि थोडी खाज आहे, तर घरचे उपाय तीन आठवडे करून पाहायला हरकत नाही. अंघोळीचं अंतर वाढवा. ओट्सचा अर्क किंवा ग्लिसरीन असलेला कुत्र्यांचा शाम्पू आणि त्यानंतर कुत्र्यांसाठीचा कंडिशनर वापरा. तो न मिळाल्यास साधे, बिनसाखरेचे ओट्स बारीक दळून कोमट पाण्यात मिसळा, ते पाणी पाच-दहा मिनिटं अंगावर राहू द्या आणि धुवून टाका. डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला असेल तर तो साधारण दहा मिनिटं अंगावर ठेवावा लागतो. लावला आणि लगेच धुतला, तर पैसे गटारात गेले.

खोबरेल तेल? नाकावरच्या किंवा कोपरावरच्या खरखरीत भागाला बोटाच्या टोकाएवढं चालेल. अंगभर चोपडलं तर तो ते चाटतो, धूळ चिकटते, आणि मूळ कारण तेलाखाली झाकलं जातं.

हे करू नका

- गाडीचं जळकं ऑइल, रॉकेल, फिनाईल : लूत लागलेल्या कुत्र्यांना अजूनही काही ठिकाणी हे लावतात. याने कातडी भाजते आणि चाटल्यावर विषबाधा होते.
- टी-ट्री ऑइल : 'नैसर्गिक' म्हणून विकलं जातं, पण कुत्र्यांना त्याने अशक्तपणा, थरथर, तोल जाणं असे त्रास होतात.
- आपली मलमं : झिंक असलेली, स्टिरॉइडची किंवा सोरायसिसची मलमं चाटली गेली तर धोका असतो, सोरायसिसच्या काही मलमांनी तर जीवही जाऊ शकतो.
- गाई-म्हशींसाठीचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन अंदाजाने देणं : ते मोठ्या जनावरांच्या वजनासाठी बनवलेलं असतं. ३ किलोच्या जिवाला एखादा थेंब जास्त झाला तरी भारी पडतो.

दवाखान्यात कधी जायचं?

खाजेमुळे कुत्रा रात्री झोपत नसेल, गोल चट्ट्यांत केस जात असतील, खपल्या, पू किंवा दुर्गंधी असेल, कान सतत खाजवत असेल, पिल्लू सहा महिन्यांच्या आतलं असेल, किंवा घरातल्या कुणालाही खाज किंवा गोल चट्टा उठला असेल, तर थांबू नका. गजकर्ण आणि खरजेचे किडे कुत्र्याकडून मुलांना लागू शकतात. अशा वेळी कुत्र्याला पशुवैद्याकडे आणि मुलाला आपल्या डॉक्टरांकडे, असं दोन्हीकडे नेणं आवश्यक आहे. एकालाच औषध दिलं तर खाज घरातल्या घरात फिरत राहते.

पशुवैद्य त्वचा हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, बुरशीची तपासणी करतात. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींसोबत कुत्र्यांनाही तपासतात. मुंबईत परळला आणि नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जाताना कुत्रा काय खातो, शेवटची अंघोळ कधी झाली, कोणता शाम्पू वापरला आणि खाज कधीपासून आहे, हे लिहून न्या.

वर्गासाठी उपक्रम

१. सामू : हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी आणि साधं पाणी टाकून रंग पाहा. साबणाने कागद लाल होतो, म्हणजे तो आम्लारी आहे.
२. पृष्ठफळ-घनफळ : १, २ आणि ३ सेमी बाजूच्या घनांचा तक्ता करा.
३. निरीक्षण वही : ज्यांच्या घरी प्राणी आहे त्यांनी तीन आठवडे अंघोळ, अन्न आणि खाज यांची नोंद ठेवावी.
४. निबंध : 'माझा आवडता प्राणी' मध्ये 'मी त्याची काळजी अशी घेतो' हा परिच्छेद सक्तीचा करा.

पालकहो, खाज सुटलेला, केस गेलेला कुत्रा घरात नकोसा होतो. "मुलांना काहीतरी होईल" म्हणून तो कुठेतरी दूर सोडून दिला जातो आणि हौसेने आणलेला मुलांचा सवंगडी रस्त्यावर येतो. त्यातले कितीतरी त्रास वेळेवर निदान झालं, तर काही आठवड्यांत आटोक्यात येणारे असतात. मुलं आपण काय सांगतो त्यापेक्षा आपण काय करतो ते पाहत असतात. आजारी जिवाला आपण सोडून देतो की त्याला घेऊन दवाखान्यात जातो, हेही ती पाहत असतात.