उत्तरसूचीचा आधार कोणता?

शाळा-महाविद्यालयांतील स्नेहसंमेलने, वाचनालयांचे वर्धापनदिन आणि नोकरभरतीच्या परीक्षा या सर्व ठिकाणी सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारण्याची प्रथा आता चांगलीच रुजली आहे. तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु प्रश्नकर्त्याने आपले उत्तर कोठून घेतले, हे विचारण्याची प्रथा मात्र रुजलेली दिसत नाही. पुष्कळसे प्रश्नसंच मागील प्रश्नसंचांवरून तयार होतात आणि एकदा छापली गेलेली चूक केवळ पुनःपुन्हा छापली गेल्यामुळे प्रमाण ठरते.

आपल्या जिल्ह्याशी निगडित असलेला एक प्रश्न पाहा : 'आशिया खंडातील पहिला सहकारी साखर कारखाना कोणता?' अपेक्षित उत्तर, प्रवरानगर. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणी येथे उभ्या राहिलेल्या या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. वस्तुतः १९३३ च्या सुमारास तत्कालीन मद्रास इलाख्यातील विशाखापट्टणम जिल्ह्यात, एटिकोप्पाका येथे, सहकारी तत्त्वावरील साखर कारखाना निघालेला होता. त्याच दशकात असे आणखीही काही प्रयत्न झाले. म्हणजे कालानुक्रमाच्या दृष्टीने 'आशियातील पहिला' हे विशेषण टिकत नाही. यामुळे प्रवरेची थोरवी उणावते काय? मुळीच नाही. एटिकोप्पाकाचे लोण देशभर पसरले नाही, प्रवरेचे मात्र महाराष्ट्रभर पसरले. असे का घडले, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारावा असा खरा प्रश्न आहे. चुकीच्या 'पहिले'पणामुळे नेमका तोच त्याच्या मनात उद्भवत नाही.

दुसरे उदाहरण नगरकरांच्या नित्य दृष्टीसमोरचे. शहराच्या पूर्वेकडील डोंगरावरील अष्टकोनी, तीन मजली वास्तूला लोक 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. ती निजामशाहीतील मंत्री सलाबतखान याची कबर आहे. लोकांच्या तोंडी काही नाव बसले तर त्यांना दोष देता येत नाही. पण 'हा महाल कोणी बांधला?' असे विचारून 'चांदबिबी' या उत्तराला गुण देणाऱ्या परीक्षकाला ती सवलत कशी द्यावी?

काही प्रश्नांत उत्तर चुकीचे नसते, प्रश्नच सदोष असतो. कळसूबाईचे शिखर, उंची १६४६ मीटर, अकोले व इगतपुरी या तालुक्यांच्या सीमेवर आहे. नगर आणि नाशिक हे दोन्ही पर्याय देऊन 'कोणत्या जिल्ह्यात?' असे विचारणे म्हणजे विद्यार्थ्याच्या ज्ञानाची नव्हे, नशिबाची परीक्षा घेणे होय. साखर उत्पादनात देशात अग्रेसर राज्य कोणते, हेही हंगामाचा उल्लेख केल्यावाचून विचारता येत नाही. २०२१-२२ मध्ये महाराष्ट्राने उत्तर प्रदेशाला मागे टाकले. त्याआधीच्या काही हंगामांत चित्र उलट होते. जिल्ह्यांची संख्या पालघरच्या निर्मितीने २०१४ मध्ये ३६ झाली, आणि आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. जुने संच तसेच वापरणाऱ्यांनी निदान एवढे तरी पाहावे.

हा काथ्याकूट क्षुल्लक वाटेल. पण राज्य लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात, आणि एकेका गुणाच्या अंतराने कित्येकांची वर्षे वाया जातात. आयोग प्रथम उत्तरसूची प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो व त्यानंतर अंतिम सूची काढतो. प्रसंगी प्रश्न रद्दही होतो. ही पद्धत निर्दोष नसली तरी तत्त्वतः योग्य आहे, कारण तीत चूक दाखविणाऱ्याला उद्धट मानले जात नाही. गावोगावच्या स्पर्धांत मात्र 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील' हे वाक्य ढालीसारखे पुढे केले जाते. दोन निबंधांतील उजवा कोणता, हे ठरविण्यापुरता तो नियम ठीक. सलाबतखानाची कबर त्याने महाल होत नाही.

प्रश्न काढणाऱ्याने प्रत्येक उत्तरासमोर त्याचा मूळ आधार आणि आकडेवारीचे वर्ष लिहून ठेवावे. हा आधार दुसरा प्रश्नसंच नसावा. मग शब्दयोजना आपोआप नेमकी होऊ लागते. लोणीविषयीचाच प्रश्न 'स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा पाया कोठे घातला गेला?' असा विचारता येईल. उत्तर तेच राहील, आणि एटिकोप्पाकाचे नाव ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याचा गुणही जाणार नाही.