मराठी, कन्नड, थाई : वर्ड प्रोसेसर निवडताना

• युनिकोड : पहिली आवृत्ती १९९१. देवनागरी, कन्नड, थाई यांना प्रत्येकी १२८ जागांचा स्वतंत्र गट. फाँट बदलला तरी मजकूर तोच.

• जुने फाँट : अक्षरे इंग्रजी कळांच्या जागी बसवलेली. फाँट नसेल तर मजकूर अगम्य.

• इनस्क्रिप्ट कळफलक : मराठी व कन्नड 'क' एकाच कळीवर. दोन्ही भाषा टंकणाऱ्यांना एकच कळफलक पुरतो.

• 'दऱ्या'तला ऱ : इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट + जे, मग डी (हलन्त), मग य.

• वेलांटी : 'कि' टंकताना आधी क, मग वेलांटी. थाईत डावीकडचा स्वर व्यंजनाआधी.

• थाई : शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ओळ तोडण्यासाठी सॉफ्टवेअर सहसा शब्दकोश वापरते. प्रचलित कळफलक केदमनी.

• लिबरऑफिस : मोफत; तिन्ही लिप्या चालतात.