फाटकात दोनदा हॉर्न

इंदूरमध्ये नवी गाडी आधी खजराना गणपतीला जाते. दसऱ्याला घेतलेली माझी इलेक्ट्रिक मोटरसायकल, रिव्होल्टची आरव्ही ४००, तीही गेली. गुरुजींनी स्वस्तिक काढलं, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि म्हणाले, "चलो भिया, अब चालू करो." मी म्हटलं, "चालू ही है, पंडितजी." त्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. लिंबू चिरडलं तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली.

माझी नोकरी पीथमपूरला, रोजचं जाणं-येणं साठ किलोमीटर. पेट्रोलनं शंभरी ओलांडल्यापासून महिन्याचा हिशेब जुळतच नव्हता. या गाडीची बॅटरी ३.२४ किलोवॅट-तासांची, म्हणजे भरायला साधारण साडेतीन युनिट वीज. कंपनीनं इको मोडमध्ये १५० किलोमीटर सांगितले होते, नॉर्मलमध्ये १००, स्पोर्टमध्ये ८०. पहिला आठवडा मी रस्त्यापेक्षा बॅटरीच्या टक्क्यांकडेच जास्त पाहिलं. वेग वाढवला की आकडा भराभर उतरतो, दमानं चालवली की तोही दमानं घेतो. बॅटरी काढून घरात नेता येते, पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. चार दिवस वाहिली, पाचव्या दिवशी पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून पॉइंट घेतला.

खरी अडचण बाबांची होती. ते पीथमपूरच्याच किनेटिक होंडाच्या कारखान्यात होते. इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखणारा माणूस. "इंजिनच नाही, तर बिघडल्यावर ऐकायचं काय?" एवढंच म्हणाले आणि गाडीजवळ फिरकले नाहीत. कर्ज काढून घेतलेली गाडी, त्यामुळे ते मला जरा लागलंच.

तिसऱ्या रविवारी सकाळी पोह्यांसाठी राजवाड्याला निघालो, तेव्हा आपणहून मागे बसले. पलासियाच्या पुढे हळूच बोलू लागले आणि मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. इतकी वर्षं आम्ही गाडीवर एकमेकांशी ओरडूनच बोललो होतो. सांगत होते, ऐंशीच्या दशकात किनेटिक होंडा आली तेव्हा लोक हसायचे. गिअर नाही, बटण दाबलं की सुरू, ही कसली गाडी? नातेवाईकसुद्धा विचारायचे, दुसरीकडे नोकरी बघतोस ना? हे त्यांनी घरात कधी सांगितलं नव्हतं. मी मुद्दाम जवाहर मार्गाकडून लांबचा फेरा घेतला. पोहे गार झाले असते तरी चाललं असतं.

आई मात्र अजून नाराज आहे. जुन्या गाडीचा आवाज कोपऱ्यावर आला की ती चहा ठेवायची. या गाडीत इंजिनाचा नकली आवाज काढायची सोय आहे, तो एकदा लावून पाहिला. आई खिडकीतून म्हणाली, "कोण आलंय रे?"

आता फाटकात शिरताना दोनदा हॉर्न वाजवतो. एकदा चहासाठी. दुसरा पार्किंगमध्ये झोपणाऱ्या कुत्र्यासाठी, कारण त्यालाही मी आल्याचं कळत नाही.